सरासरी आत्मविश्वास आठ पूर्णांक चार

"कोण करेल हे काम?" असं प्राचार्यांनी विचारलं आणि संख्याशास्त्राच्या सरांनी हात वर केला. हात वर करण्यापूर्वी काम काय आहे ते नीट ऐकून घ्यावं, अशी एक पद्धत जगात आहे. पण सरांचा स्वतःवर इतका विश्वास होता की गेल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना तिची गरज पडली नव्हती.

काम तसं साधं होतं. ग्रंथालयाशेजारचं गोदाम, ज्यात कॉलेजच्या स्थापनेपासूनचे सगळे मोडके बाक एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपले होते, ते रिकामं करून तिथे व्यायामशाळा व्हायची होती. खोली एकच, विद्यार्थी साडेसहाशे. मुलांना कोणत्या वेळा द्यायच्या, मुलींना कोणत्या, हे ठरवण्यासाठी व्यवस्थापनाला आकडे हवे होते. कोण व्यायाम करतं, कोण करत नाही, आणि व्यायामाने विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास वाढतो का, अशी पाहणी करायची होती.

"पंधरा दिवसांत अहवाल देतो," सर म्हणाले. "दहा दिवसांतही देईन, पण उगाच घाई नको."

घरी त्यांनी ही बातमी बायकोला दिली. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या आणि दहा तास उभ्याने काढून नुकत्याच टेकल्या होत्या.

"अहो, पण तुम्ही स्वतः शेवटचा व्यायाम कधी केलात?" त्यांनी विचारलं.

"ही शास्त्रीय पाहणी आहे. तिच्यात संशोधकाचं शरीर येत नाही."

"येत नाही कसं? मला तर रोज दिसतं."

सरांनी हा शेरा नोंदवून घेतला नाही. कारण आपण रोज व्यायाम करतो याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दररोज सकाळी साडेसहाला ते चालण्याचे खास बूट घालून बाहेर पडत. कोपऱ्यावर शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर भेटत. मग दोघे तिथेच चाळीस मिनिटं उभे राहून पेपरातल्या बातम्यांवर चर्चा करत आणि घरी परत येत. बूट चालण्याचे असल्यामुळे हे चालणंच होतं.

प्रश्नावलीचा पहिला कच्चा मसुदा त्या कोपऱ्यावरच वाचला गेला. त्यात चौदा प्रश्न होते.

"चौदाच?" पोस्टमास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझ्या खात्यात हरवलेल्या पार्सलसाठी एकवीस प्रश्न होते. इथे तर अख्खी तरुण पिढी हरवली आहे."

त्यांनी भर घातली. झोप किती, दूध घेता का, आजोबा किती वर्षं जगले, हस्ताक्षर उजवीकडे झुकतं की डावीकडे. एक सूचना मात्र त्यांनी फार आग्रहाने केली. "'सकाळी किती वाजता उठता?' हा एक प्रश्न ठेवा. आणि त्याच्या खाली दुसरा ठेवा, 'खरं किती वाजता उठता?'"

"तसं विचारता येत नाही, मास्तर. उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवणं हा आमच्या शास्त्राचा पाया आहे."

"मग पाया भक्कम करून घ्या," पोस्टमास्तर म्हणाले. सरांनी त्यांचे बाकीचे सगळे प्रश्न भिडेखातर घेतले आणि तेवढा एकच वगळला. प्रश्नांची संख्या एकसष्ट झाली.

आता हवी होती परवानगी. विद्यार्थ्यांना काहीही विचारायचं तर कॉलेजच्या नैतिकता समितीकडे अर्ज करावा लागे. समितीत तिघे होते. रसायनशास्त्राच्या बाई दीर्घ रजेवर होत्या, ग्रंथपाल कोणत्याही कागदावर न वाचता सही करत, आणि अध्यक्ष होते स्वतः सर. म्हणजे सरांनी सरांकडे अर्ज करायचा होता. दुसरा कोणी असता तर त्याने एका दमात अर्ज लिहून मंजूर केला असता. पण सर तत्त्वाचे पक्के. अध्यक्षाने पक्षपात केला असं कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी स्वतःचा अर्ज एकदा परत पाठवला. वर शेरा मारला, 'उद्देश मोघम आहे. अर्जदाराने नीट विचार करून पुन्हा यावे.' दुसऱ्या दिवशी अर्जदार म्हणून तो शेरा हातात पडल्यावर मात्र त्यांना तो झोंबला. "मोघम?" ते स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हणाले. "मोघम काय आहे यात?" त्यांनी दोन पानी खरमरीत उत्तर लिहिलं. अध्यक्ष म्हणून ते वाचल्यावर त्यांचं समाधान झालं आणि परवानगी मिळाली. यात आठ दिवस गेले.

प्रश्नावल्या वाटल्या गेल्या. 'नाव लिहू नये, माहिती संपूर्ण गुप्त राहील,' हे सरांनी प्रत्येक वर्गात स्वतः जाऊन सांगितलं. सहाशे बारा भरून परत आल्या. सरांनी त्या लिंग, वय, शाखा, वर्ष, घरी राहणारे, वसतिगृहात राहणारे, नोकरी करणारे, न करणारे अशा ढिगांत लावल्या. घरातल्या सगळ्या खुर्च्या त्यात गेल्या आणि सरांची बायको चार दिवस उभ्याने जेवल्या. "सवय आहे मला," एवढंच त्या म्हणाल्या.

निकाल इतका स्वच्छ आला की सरांना स्वतःचा अभिमान वाटला. मुलांपैकी एक्याऐंशी टक्के नियमित व्यायाम करत होते आणि त्यांचा आत्मविश्वास दहापैकी सरासरी आठ पूर्णांक चार होता. मुलींपैकी फक्त बावीस टक्के व्यायाम करत होत्या आणि त्यांचा आत्मविश्वास पाच पूर्णांक एक. वाणिज्य शाखेच्या एका मुलाने दहापैकी अकरा लिहिलं होतं. त्याचे सरांनी दहा धरले. पहिल्या वर्षाच्या मुलांचा आत्मविश्वास तिसऱ्या वर्षाच्या मुलांपेक्षा जास्त होता. म्हणजे दोन वर्षं आपण नेमकं काय शिकवतो, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला असता. सरांनी तो तळटीपेत टाकला.

प्राचार्य खूश झाले. "ज्यांना आवड त्यांना सवड," असं म्हणून त्यांनी जागेवरच वेळापत्रक केलं. सकाळ आणि संध्याकाळ मुलांना. मुलींना आठवड्यातून तीन दिवस, दुपारी एक ते दोन. वेळापत्रकाचा फलक रंगवायला गेला आणि सरांचे तक्ते सूचनाफलकावर लागले. सर दिवसातून चार वेळा तिथून गेले. एकदा तर रस्ता तिकडून नव्हता तरीही गेले.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात दोघी येऊन उभ्या राहिल्या. पुढे होत्या मावशी. त्या कला शाखेच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थिनी, वय बावन्न. शिवणकाम करून संसार उभा केला, लेक परदेशी गेल्यावर स्वतः प्रवेश घेतला. अख्खं कॉलेज त्यांना मावशी म्हणायचं, एकदा चुकून प्राचार्यसुद्धा. त्यांच्यामागे सरांच्याच वर्गातली, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. पहाटे सायकलवरून घरोघर वर्तमानपत्रं टाकत असल्यामुळे तिला सगळे पेपरवाली म्हणत.

"सर," मावशी म्हणाल्या, "नाव लिहू नका, सगळं गुप्त राहील, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"अर्थात! एकाचंही नाव फलकावर नाही."

"नाव नाही. पण 'वयोगट पंचेचाळीसच्या पुढे, एकूण विद्यार्थी एक, आत्मविश्वास दहापैकी तीन' असं लिहिलंय. ही एक कोण, हे वॉचमनलासुद्धा कळलं. मघाशी गेटवर मला म्हणाला, 'मावशी, एवढं मनाला लावून घेऊ नका.'"

सरांनी टेबलावरची तक्त्याची प्रत पुढे ओढली.

"मी ते तीन तुम्हाला सांगितले होते," मावशी म्हणाल्या. "अख्ख्या कॉलेजला नव्हते सांगितले. पोरांच्या शेजारी बसून इंग्रजीचा तास ऐकते, निम्मा डोक्यावरून जातो. तीन लिहिताना माझा हात थांबला होता. पण तुमच्यावर विश्वास ठेवला आणि खरं ते लिहिलं."

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात, ज्या गटात एकच माणूस आहे तो गट वेगळा छापू नये, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सर ते दर वर्षी शिकवत. दर वर्षी त्यावर पाच गुणांचा प्रश्न काढत. ते उठले, तसेच सूचनाफलकापाशी गेले आणि तो तक्ता त्यांनी स्वतःच्या हाताने काढला. परत आले तेव्हा त्यांच्या बोटाला टाचणी लागलेली होती.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडात नवीन होतं, त्यामुळे जरा अडखळतच बाहेर पडलं.

"ते झालं," मावशी म्हणाल्या. "आता हिचं ऐका. सांग की गं."

पेपरवालीने आधी जमिनीकडे पाहिलं, मग सरांच्या टेबलाकडे. "सर, मी व्यायामापुढे 'नाही' लिहिलं होतं. पण मी रोज सोळा किलोमीटर सायकल चालवते. रविवारी पुरवणी असते, तेव्हा पिशवी जड होते."

"मग 'नाही' का लिहिलंस?"

"ते काम आहे ना सर. तुम्ही व्यायाम विचारलात."

"प्रश्न क्रमांक सतरा होता की! 'इतर शारीरिक हालचाली'!"

"त्याच्यापुढे उदाहरणं होती. पोहणे, टेनिस, गिर्यारोहण." तिने घाईने जोडलं, "मला वाटलं, ते वेगळ्या लोकांसाठी आहे. आमच्या वर्गातल्या एकीच्या इमारतीत लिफ्ट नाही, पाणी चार मजले वर न्यावं लागतं. दुसरी आजीला उचलून आंघोळ घालते. सगळ्यांनी 'नाही'च लिहिलं. आणि सर, मुलांनी फॉर्म एकमेकांचे बघून भरले. एकाने चार दिवस लिहिलं, शेजाऱ्याने पाच, त्याच्या शेजाऱ्याने सहा. शेवटच्याने आठवड्यातून आठ दिवस लिहिलं."

सरांना तो फॉर्म आठवला. त्याचे त्यांनी सात धरले होते.

दुसरा एखादा इथेच शरण गेला असता. पण सरांचं म्हणणं असं की तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. "पडताळणी करू," ते ताठ होऊन म्हणाले. "शास्त्रीय पद्धतीने. कोण खरं ते शरीरच सांगेल." आणि लगेच त्यांचा आत्मविश्वास जाग्यावर आला.

पडताळणी अशी ठरली. चिठ्ठ्या टाकून वीस मुलं आणि वीस मुली निवडायच्या. कॉलेजच्या चार मजली जिन्याच्या प्रत्येकाने तीन फेऱ्या करायच्या, वर आणि खाली. क्रीडाशिक्षक शिट्टी वाजवतील, आणि नाडी मोजायला सरांची बायको सुट्टी काढून येतील. यालाही परवानगी लागलीच. या खेपेला अर्जदाराने अध्यक्षांना फार मान दिला आणि अध्यक्षांनीही मोठेपणाने एका दिवसात सही केली. कार्यालयाने मात्र 'जिन्याचा शैक्षणिक वापर' असा अर्जच नसल्यामुळे सभागृहाचा अर्ज भरून घेतला. त्यात खुर्च्या किती लागतील या रकान्यात सरांनी 'एकही नाही' असं ठसठशीत लिहिलं.

शनिवारी सकाळी सगळे तळमजल्यावर जमले. मुलं हसतखिदळत दंड चोळत होती. मुली ओढण्या कमरेला बांधून भिंतीला टेकून उभ्या होत्या. क्रीडाशिक्षकांनी शिट्टी तोंडात धरली, तेवढ्यात सर पुढे झाले.

"आधी मी करून दाखवतो. म्हणजे वेग किती असावा याचा अंदाज येईल."

"अहो," बायको हळूच म्हणाल्या, "काही गरज आहे का?"

"रोज चालतो मी."

पहिली फेरी सरांनी झोकात केली. मुलांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या मजल्यावर त्यांना जाणवलं, की या इमारतीच्या पायऱ्या सरकारी मापापेक्षा उंच आहेत आणि याबद्दल कोणीतरी लेखी तक्रार करायला हवी. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर 'आग लागल्यास काय करावे' अशी एक सूचना लावलेली होती. सर थांबले आणि ती लक्षपूर्वक वाचू लागले. त्यांनी ती तीनदा वाचली. 'घाबरून जाऊ नये' हे वाक्य तर त्यांनी भिंतीला हात टेकून पाचेक मिनिटं वाचलं.

खालून हाका आल्या. शेवटी पेपरवाली वर धावत आली. तिला दम लागलेला नव्हता, याची सरांनी तशाही अवस्थेत नोंद घेतली.

"सर, बरं वाटतंय ना?"

"ही सूचना... फार चांगली... लिहिली आहे."

तिने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि एकेक पायरी करत त्यांना खाली आणलं. चाळीस विद्यार्थ्यांसमोर, एका बाजूला पेपरवाली आणि दुसऱ्या बाजूला कठडा, असे सर अवतरले. कोणीतरी पळत जाऊन खुर्ची आणली.

"नाडी द्या," बायको म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"किती आहे?"

"सांगत नाही. बसा गप्प. पाणी प्या."

मग खरी पडताळणी झाली आणि ती सरांनी खुर्चीतून पाहिली. वीस मुलांपैकी सोळा जण नियमित व्यायामवाले होते. त्यांतल्या सात जणांनी तीन फेऱ्या पुऱ्या केल्या. बाकीच्यांपैकी कोणाच्या बुटाची नाडी सुटली, कोणाचा जुना मार उसळला, एकाला दुसऱ्या मजल्यावर अत्यंत महत्त्वाचा फोन आला. उलट व्यायामापुढे 'नाही' लिहिणारा, पहाटे भाजीबाजारात गोणी उतरवणारा एक अबोल मुलगा तीन फेऱ्या करून 'अजून आहेत का?' असं विचारत होता. मुलींपैकी चौदा जणींनी तीन फेऱ्या केल्या. नोकरी किंवा कष्टाचं काम करणारं एकही पोर, मुलगा असो की मुलगी, मध्ये थांबलं नाही. मावशींची चिठ्ठी निघाली नव्हती, तरी त्या कोणाला न विचारता एक फेरी करून आल्या आणि म्हणाल्या, "मोजू नका. मला उगाच बघायचं होतं."

शेवटी सरांनी सगळ्यांना आत्मविश्वासाचा प्रश्न पुन्हा विचारला. मुलींचा आकडा अर्ध्या गुणाने वर सरकला. मुलांचा, नऊ जण जिन्यात गळाल्यानंतरही, आठ पूर्णांक चार होता तो आठ पूर्णांक पाच झाला. फोन आलेल्याने तर स्वतःला साडेनऊ दिले. सर त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. त्या पोरात त्यांना कोणीतरी ओळखीचं दिसत होतं.

त्या संध्याकाळी घरी पाय गरम पाण्यात सोडून बसलेले असताना ते बायकोला म्हणाले, "प्राचार्यांना आता काय सांगू? अहवाल मंजूर झालाय. फलकसुद्धा रंगवून आलाय."

"चुकला म्हणून सांगायचं."

"सव्वीस वर्षांत माझा आकडा कधी चुकला नाही."

"चुकला नसेल," बायको टॉवेल देत म्हणाल्या. "किंवा आजवर कोणी जिना चढून बघितलं नसेल."

सोमवारी सर प्राचार्यांकडे गेले. मंजूर अहवाल मागे घेण्याचा अर्ज कॉलेजात अस्तित्वातच नव्हता. कार्यालयाने दोन दिवस शोधून सांगितलं, की अहवाल हरवल्याचा अर्ज आहे, तो चालेल का? सरांनी बाणेदारपणे नकार दिला. "अहवाल हरवलेला नाही. चुकलेला आहे. तसंच लिहा." प्रश्न बदलून पाहणी पुन्हा घेण्याचं आणि नवे आकडे मांडण्याचं काम त्यांनी पेपरवालीला दिलं. ती नको नको म्हणाली. सरांनी ऐकलं नाही. जुन्या-नव्या प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यांसह तिची सायकल आठवडाभर ये-जा करत राहिली.

बैठकीला प्राचार्य, क्रीडाशिक्षक, सर आणि ती असे चौघेच होते. पेपरवालीचा आवाज पहिल्या तक्त्याला कापत होता, दुसऱ्याला जरा कमी. 'व्यायाम करता का' याऐवजी 'काल दिवसभरात काय काय केलंत' असं विचारल्यावर मुलं आणि मुली यांच्यातली दरी जवळजवळ बुजत होती. आत्मविश्वासातली दरी मात्र तशीच उरत होती, आणि ती व्यायामाने पडलेली नव्हती. मुलींना व्यायाम नको असतो असं नव्हतं; स्वतःसाठीची एक तासाची जागा आजवर कोणी त्यांना देऊ केली नव्हती, एवढंच होतं.

प्राचार्यांनी कागद उलटेपालटे केले. "म्हणजे वेळा निम्म्या निम्म्या करायच्या. फलक पुन्हा रंगवायचा. या आकड्यांची खात्री आहे ना? मागच्या वेळीही मला असंच सांगितलं होतं."

सवयीने सरांनी उत्तरासाठी छाती भरून श्वास घेतला. पण ती आधी बोलली.

"खात्री आहे सर. मी दोनदा तपासलेत. सरांनी केलेल्या बेरजासुद्धा तपासल्या. त्यात तीन चुका होत्या."

क्रीडाशिक्षक खिडकीबाहेर पाहू लागले.

"कोणत्या तीन?" सर म्हणाले.

तिने वही उघडली. पहिली चूक सरांनी दोन मिनिटांत मान्य केली. दुसरीसाठी पाच मिनिटं लागली. तिसरी मात्र चूक नाहीच, तो मोजण्याचा वेगळा मार्ग आहे, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते चुकीचं आहे असं तिचं. सर उठून फळ्यापाशी गेले, तीही गेली. प्राचार्यांनी दोनदा घसा खाकरला, मग नव्या वेळापत्रकावर मुकाट्याने सही केली आणि दोघांनाही हाताने दाराची दिशा दाखवली.

वाद बाहेर व्हरांड्यात चालू राहिला. भिंतीला वही टेकवून ती एकेक पायरी मांडत होती, सर खोडत होते, ती पुन्हा मांडत होती. आवाज इतके चढले की शेजारच्या वर्गाचं दार उघडलं आणि ग्रंथपालांनी, जे तिथे परीक्षेच्या देखरेखीवर होते, डोकं बाहेर काढलं.

"सर, जरा हळू घ्याल का? मुलं पेपर लिहितायत."

सर ओशाळून मागे वळले. पण पेपरवालीने वहीवरून नजरसुद्धा उचलली नाही.

"दोनच मिनिटं थांबा सर," ती ग्रंथपालांना म्हणाली. "यांना एवढं पटलं की आम्ही जातोच."